सही नसलेलं पद: मृणाल गोरे आणि गोरेगावचं पाणी

मुंबई महानगरपालिका ज्या कायद्यावर चालते तो १८८८ चा आहे. त्याचं ६१ वं कलम महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं सांगतं आणि पाणीपुरवठ्याची व्यवस्था त्यात येते. ६४ वं कलम अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे देतं, आणि आयुक्त नेमायचे राज्य सरकारने. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली की नगरसेवकाची खरी अवस्था ध्यानात येते. लोक त्याच्या दारात येऊन पाणी मागतात, पण पाणी सोडण्याच्या कागदावर सही त्याची नसते. तो सभागृहात प्रश्न विचारू शकतो, तहकुबीची सूचना मांडू शकतो, अर्थसंकल्पावर बोलू शकतो, समितीवर असला तर एखादा प्रस्ताव अडवून धरू शकतो. बहुमत समोरच्या बाकांवर असेल तर यातलं बरंचसं आवाजी मतदानात वाहून जातं.

सामाजिक काम करता करता निवडून आलेल्या माणसाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा चारित्र्याभोवती फिरते. सत्तेत गेल्यावर बिघडला का, साधा राहिला का, गाडी घेतली का. हे प्रश्न फालतू नाहीत, पण त्यातून काम कसं झालं ते कळत नाही. गोरेगावच्या समाजवादी कार्यकर्त्या आणि पुढे नगरसेविका, आमदार, खासदार झालेल्या मृणाल गोरे यांच्या कारकिर्दीचा अभ्यास मला वेगळ्या प्रश्नासाठी करावासा वाटतो: सही नसलेल्या पदाचा उपयोग त्यांनी कसा करून घेतला? त्याचं उत्तर त्यांच्या निवडणुकीआधीच्या दहाबारा वर्षांत सापडतं, म्हणून सुरुवात तिथून करू.

त्यांचा जन्म १९२८ चा, माहेरचं आडनाव मोहिले. वैद्यकीय शिक्षण घेत असताना राष्ट्र सेवा दलाच्या कामात त्या ओढल्या गेल्या आणि शिक्षण सोडून पूर्णवेळ कामाला लागल्या. १९४८ मध्ये केशव गोरे यांच्याशी लग्न झालं. केशव ऊर्फ बंडू गोरे समाजवादी कार्यकर्ते होते आणि त्यांचं कामाचं ठिकाण गोरेगाव. मृणालताईंनी तिथे बायकांचं संघटन सुरू केलं. महिला मंडळ, कुटुंब नियोजनाचा प्रचार, आजारपण, रेशन, शाळेतला प्रवेश, नवऱ्याची मारहाण. यातलं एकही काम बातमीत येण्याजोगं नव्हतं. पण कुटुंब नियोजनासारखा विषय घेऊन घराघरांत बसायचं म्हणजे बाईने तुमच्याशी दार लावून बोलायला हवं, आणि तो विश्वास भाषणाने मिळत नाही.

१९५८ मध्ये केशव गोरे अकाली गेले. मुलगी लहान होती. त्यांच्या नावाने उभा राहिलेला केशव गोरे स्मारक ट्रस्ट पुढे या सगळ्या कामाचं घर झाला. राजकारणातली पदं बदलत गेली, पक्ष फुटत आणि जुळत गेले, पण काम करायला एक जागा कायम राहिली. राजकीय चरित्रं वाचताना अशा इमारतींकडे दुर्लक्ष होतं. निवडणूक हरलेल्या कार्यकर्त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बसायला ठिकाण असणं, ही किती मोठी गोष्ट आहे हे त्या वाटेने गेलेल्यांनाच विचारावं.

आता गोरेगावची त्या वेळची स्थिती. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये बेटाबाहेर उपनगरांत सरकली, पण गोरेगाव तिच्या पलीकडेच राहिलं. तिथे ग्रामपंचायत होती, आणि मृणालताईंनी लोकप्रतिनिधी म्हणून पहिलं काम केलं ते त्या ग्रामपंचायतीत. १९५७ मध्ये हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगाव महापालिकेत आलं. कागदावर एका रात्रीत गाव महानगर झालं. नळ मात्र कागदाच्या वेगाने येत नाहीत.

मुंबईच्या पाण्याचा इतिहास इथे लागतोच. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. विहार आणि तुळशी दोन्ही तलाव गोरेगाव-बोरिवलीच्या डोंगरांत, आरेच्या मागच्या अंगाला. ते बांधले गेले दक्षिणेकडच्या शहरासाठी. म्हणजे पाणी उपनगरांच्या उशाशी साठायचं आणि मोठ्या वाहिन्यांतून खाली शहरात जायचं. त्या डोंगरांच्या पायथ्याशी गिरण्यांतून, कारखान्यांतून, बांधकामांवर राबणारी माणसं झोपड्या आणि चाळी करून राहू लागली तेव्हा त्यांच्या वाट्याला विहिरी आणि मोजके सार्वजनिक नळ आले. झोपडी अनधिकृत असेल तर तेही नाहीत, कारण बेकायदा बांधकामाला जोडणी दिली की ते बांधकाम मान्य केल्यासारखं होतं, अशी प्रशासनाची भूमिका असे.

सार्वजनिक नळ म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी थोडं थांबतो. पाणी येण्याची वेळ ठरलेली नसते, आणि ठरलेली असली तरी ती पाळली जाईल याची खात्री नसते. म्हणून रांगेत बाई उभी नसते, तिचा हंडा उभा असतो. हंडा, कळशी, रॉकेलचा रिकामा डबा, प्रत्येकाची जागा ठरलेली. कुणी हंडा पुढे सरकवला की भांडण. पाणी आलं की पहिल्या पाचदहा जणींना धार मिळते, नंतर करंगळीएवढं, नंतर थेंब. व्हॉल्व्ह फिरवणारा पालिकेचा माणूस, म्हणजे मुंबईच्या भाषेत चावीवाला, चावी किती आट्यांनी फिरवतो त्यावर एका वस्तीची सकाळ ठरते. घरात पाण्याची जबाबदारी बाईची, म्हणून झोपमोड तिची आणि शाळा बुडते ती तिच्या मुलीची. पाण्याचा प्रश्न बायकांना संघटित करतो असं म्हणतात, पण रांग आपोआप कुणाला एकत्र आणत नाही. ती एकमेकींविरुद्ध उभं करते. शेजारणीशी चाललेलं भांडण पालिकेकडे वळवण्यासाठी मध्ये कुणीतरी असावं लागतं, आणि ते कुणीतरी दोन्ही घरांत जाणारं असावं लागतं. मंडळाच्या कामाची किंमत इथे वसूल झाली.

१९६१ मध्ये मृणालताई मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. समाजवादी विरोधी बाकांवर होते. सही आयुक्तांची, बहुमत दुसऱ्यांचं, आणि मतदारांतला मोठा भाग असा की ज्याला पाणी देणं नियमात बसत नाही असं प्रशासन म्हणत होतं. नगरसेवकपदाच्या साधनांनी इथे फार काही हाती लागलं नसतं.

त्यांनी केलं ते असं. सभागृहात पाण्याचा प्रश्न उचलायचा आणि त्याच प्रश्नावर रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा महापालिकेवर न्यायचा. यातलं एक दुसऱ्याशिवाय लुळं असतं. नुसता मोर्चा आला तर अधिकारी निवेदन घेतो, चहा पाजतो आणि मोर्चा पांगतो. नुसता प्रश्न विचारला तर लेखी उत्तर येतं: ‘बाब विचाराधीन आहे.’ पण ज्या दिवशी बाहेर हंडे वाजत आहेत त्याच दिवशी आत नगरसेविका उभी राहून त्या वस्तीत नळ किती, कुटुंबं किती आणि पाणी किती वेळ येतं हे विचारते, तेव्हा उत्तर टाळणं अवघड होतं. बाहेरच्या बायकांना माहीत असतं की आत काय विचारलं जाणार आहे. आतल्या अधिकाऱ्यांना माहीत असतं की उत्तर संध्याकाळपर्यंत वस्तीत पोचणार आहे.

या पद्धतीला ‘आंदोलनाचं राजकारण’ म्हणून बाजूला सारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. निवडून आल्यावर रस्त्यावर कशाला, असा त्यांचा आक्षेप. माझ्या मते हा आक्षेप कायदा न वाचता घेतलेला आहे. ज्या रचनेत निवडून आलेल्याकडे अधिकार आहे तिथे तो रास्त ठरला असता. मुंबईत अधिकार आयुक्ताकडे आणि आयुक्त जबाबदार मंत्रालयाला. अशा ठिकाणी विरोधी नगरसेवकाने रस्ता सोडला की त्याच्याकडे उरतो तो फक्त माइक. समाजसेविका म्हणून लागलेली सवय, म्हणजे ज्याचा प्रश्न त्याला बरोबर घेऊन जाणं, मृणालताईंच्या बाबतीत भावनेपोटी टिकली असं मला वाटत नाही. त्या पदावरून काही हलवायचं तर दुसरी तरफच नव्हती.

लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव पक्षाच्या प्रचार समितीने दिलेलं नव्हतं, आणि त्याचा राजकीय उपयोग म्हणूनच मोठा झाला. समाजवाद्यांची त्या काळातली वंशावळ आठवावी: १९४८ ला काँग्रेसपासून वेगळे, १९५२ ला प्रजा समाजवादी, १९६४ ला संयुक्त समाजवादी, १९७१ ला पुन्हा समाजवादी पक्ष, १९७७ ला जनता. तीसेक वर्षांत सामान्य मतदाराने किती चिन्हं लक्षात ठेवायची? गोरेगावच्या मतदाराला त्याची फारशी गरज पडली नाही. पक्षाचं नाव बदललं तरी बाई तीच होती.

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर गेल्या. ते साल दुष्काळाचं. धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळंच महागलं आणि मिळेनासं झालं. त्या सप्टेंबरात महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी, समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, अशा एरवी एकमेकींच्या पक्षांवर टीका करणाऱ्या बायका एका व्यासपीठावर आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले, घराघरांतून थाळ्या वाजल्या, मंत्र्यांना घेराव पडले. गोरेगावात पाण्यासाठी जे केलं तेच इथे शहरभर झालं: जी वस्तू रोज हातात असते तीच घेऊन बाहेर पडायचं. लाटण्याला परवाना लागत नाही आणि ते कसं धरायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या बाईला मोर्च्याला यायला घरून मोकळीक नव्हती, ती स्वयंपाकघरात उभी राहून थाळी वाजवू शकत होती. आंदोलनात भाग घेण्याची किंमत इतकी खाली आणणं हे संघटनेचं फार मोठं कसब आहे, आणि ते मंडळाच्या बैठकांतून आलेलं आहे. बाई घराबाहेर किती वेळ राहू शकते, संध्याकाळी कधी रिकामी होते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते जमतं.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत झाल्या, मग पकडल्या गेल्या आणि तुरुंगात राहिल्या. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या आणि मुंबईत घोषणा घुमली: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ घोषणा सगळ्यांना आठवते. दिल्लीचा काळ मात्र या कारकिर्दीतला सर्वांत कमी सांगण्याजोगा भाग आहे, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. जनता सरकार दोन-अडीच वर्षांत कोसळलं हे एक कारण. दुसरं असं की दिल्लीतल्या सभागृहाबाहेर गोरेगावची बाई हंडा घेऊन येऊ शकत नव्हती. ज्या दोन टोकांवर त्यांची पद्धत उभी होती, त्यांतलं एक चौदाशे किलोमीटर दूर राहिलं.

परतल्यावर त्या पुन्हा तिथेच कामाला लागल्या. १९८३ मध्ये गोरेगावात ‘स्वाधार’ हे संकटातल्या स्त्रियांसाठीचं केंद्र सुरू झालं. त्याच दशकात बाबुराव सामंत आणि इतर सहकाऱ्यांबरोबर नागरी निवारा परिषदेचं काम उभं राहिलं. या दुसऱ्या प्रकरणावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे एवढंच: १९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यानुसार जादा ठरलेली जमीन सरकारने गरिबांच्या घरांसाठी घ्यायची होती. कायदा होता, जमिनी होत्या, घरं मात्र होत नव्हती, कारण सवलतीच्या कलमांतून जमिनी सुटत होत्या. परिषदेने त्या कायद्याचं बोट धरून गोरेगाव पूर्वेला दिंडोशीत जमीन मागितली, वर्षानुवर्षं सरकारशी आणि कोर्टात झगडली, आणि अल्प उत्पन्न गटातल्या लोकांसाठी सहा हजारांवर घरं उभी राहिली. तो कायदाच नंतर गेला. केंद्राने १९९९ मध्ये रद्द केला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. म्हणजे ज्या दारातून हे लोक आत शिरले ते दार आता नाही.

१९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेवर आल्या आणि १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्या झाल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध त्यांनी अशासकीय विधेयक आणलं. बाहेर स्त्रीसंघटनांनी आणि काही डॉक्टरांनी या तपासणीविरुद्ध मोहीम उघडली होती. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा असा कायदा केला, केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. विरोधी बाकावरचं अशासकीय विधेयक मंजूर होत नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते मांडायचं ते सरकारला स्वतःचं विधेयक आणायला भाग पाडण्यासाठी. महापालिकेतला प्रश्न आणि बाहेरचा हंडा, हीच जोडी इथे पुन्हा दिसते.

आता या प्रकरणाची उणी बाजू, कारण ती टाळून लिहिलेला अभ्यास म्हणजे गौरवांक.

पहिली उणीव झोपडपट्टीच्या पाण्यातच आहे. दबावाने मिळालेला नळ वस्तीची कायदेशीर स्थिती बदलत नाही. नळ येतो तो माणुसकी म्हणून, कुणाच्या तरी शब्दाखातर. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना झाली, ओळखपत्रं आली, पुढे १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २००० अशा तारखा आल्या. तारखेच्या आधीपासून राहणारा माणूस पाण्याला पात्र, नंतर आलेला अपात्र. नंतर आलेल्याला पाणी हवं तर त्याने पुन्हा कुणाच्या तरी दारात जायचं. एका प्रामाणिक लोकप्रतिनिधीच्या हातात ही व्यवस्था लोकांच्या बाजूने वळली, पण व्यवस्था तीच राहिली, आणि तिच्यावर पाणीमाफियाही पोसला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समिती या संघटनेच्या याचिकेवर सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि २००० नंतरच्या झोपड्यांनाही ते देण्याचं धोरण आखा. गोरेगावच्या बायका महापालिकेवर गेल्या त्याला तोवर अर्धशतक होऊन गेलं होतं.

दुसरी उणीव संघटनेची. १९९० मध्ये गोरेगावची विधानसभेची जागा शिवसेनेने जिंकली. शिवसेनेची शाखा रोज संध्याकाळी उघडी असायची आणि तिथे दाखला, प्रवेश, भांडण, रुग्णवाहिका सगळं व्हायचं. म्हणजे जे काम पन्नाशीच्या दशकात मृणालताईंचं मंडळ करत होतं, ते दुसऱ्या विचाराच्या पक्षाने गल्लीगल्लीत नेलं, आणि त्यासाठी शाखाप्रमुख नावाची माणसं घडवली. समाजवाद्यांकडे कार्यकर्ते होते, निष्ठा होती, अभ्यास तर भरपूर होता. पण एका बाईच्या नावावर उभा राहिलेला विश्वास दहा जणींत वाटून देण्याची रीत त्यांना बसवता आली नाही. हे मी दोषारोप म्हणून म्हणत नाही. सतत फुटणाऱ्या पक्षात दुसरी फळी कशी टिकणार? तरीही या कारकिर्दीतून शिकू पाहणाऱ्याने इथे सर्वांत जास्त वेळ थांबावं.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. गोरेगावातल्या उड्डाणपुलाला आज त्यांचं नाव आहे. आज कुणी वस्तीत दहा वर्षं काम करून महापालिकेची निवडणूक लढवायची म्हटली तर परिस्थिती काही बाबतींत कितीतरी बरी आहे. १९६१ मध्ये बाईला खुल्या लढतीतच यावं लागे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये आधी ३० टक्के, मग एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. माहितीचा अधिकार आहे. पाण्याचे आकडे मिळवायला सभागृहातल्या प्रश्नाची वाट पाहावी लागत नाही.

पण एक गोष्ट नेमकी उलटी झाली आहे. राखीव प्रभाग सोडतीने ठरतात आणि बदलत राहतात, आणि प्रभागांच्या हद्दीही नव्याने आखल्या जातात. निवडणूक आली की चिठ्ठी निघते आणि ज्या गल्ल्यांत तुम्ही दहा वर्षं घालवली त्यात तुम्हाला उभं राहता येईल की नाही हे त्या दिवशी कळतं. आरक्षणाला माझा विरोध नाही, ते नसतं तर आजच्या निम्म्या नगरसेविका सभागृहात दिसल्या नसत्या. फिरत्या सोडतीचा परिणाम मात्र मान्य करायला हवा: प्रभागाशी आयुष्यभराचं नातं ठेवणाऱ्या कार्यकर्त्यापेक्षा कुठल्याही प्रभागात उभा करता येईल असा उमेदवार पक्षाला सोयीचा ठरतो. त्यात नगरसेवक निधीची, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठी नगरसेवकाला मिळणाऱ्या पैशाची, भर पडली. कामाचं मोजमाप लादीकरण, गटारं आणि नावाच्या पाट्यांवर होऊ लागलं. निधीतून पाटी लावता येते, पण शहरातल्या पाण्याची विभागणी बदलत नाही. ती अर्थसंकल्पात आणि जल अभियंत्यांच्या खात्यात ठरते, म्हणजे पुन्हा तिथेच, जिथे नगरसेवकाची सही नाही.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं सभागृहच नव्हतं. प्रशासक होते. त्याच वर्षी मे महिन्यात महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण जाहीर केलं. धोरण जाहीर झालं तेव्हा त्याच्या अंमलबजावणीवर प्रश्न विचारायला एकही नगरसेवक आत बसलेला नव्हता. पाणी हक्क समितीचे कार्यकर्ते आणि वस्त्यांतल्या बायका विभाग कार्यालयांत अर्ज घेऊन जात राहिल्या, पण त्यांचा अर्ज नाकारला गेला तर त्याच दिवशी सभागृहात उभं राहून कारण विचारणारं कुणी नव्हतं.